गुडघ्याचं मीठ-पाणी

गुडघा कुरकुरू लागला की घरच्यादारच्यांचं निदान ठरलेलं: "वंगण संपलं." केमिस्टच्या फळीवर बाटलीही तयार असते. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही.

सांध्यात वंगण असतंच, पण अंगाचा भार पेलते ती कूर्चा, आणि तिचं बळ आहे मिठाच्या पाण्यात. कूर्चेत ॲग्रिकन नावाचे महाकाय रेणू असतात, बाटली घासायच्या ब्रशसारखे. प्रथिनाच्या दांड्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभरेक साखळ्या, साखळीभर ऋण प्रभार. हे ब्रश हायलुरोनिक आम्लाच्या लांब धाग्याला बांधलेले आणि सगळा पसारा कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेला. प्रभार जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांना तोलायला सोडियमचे आयन आत ओढले जातात. क्लोराइडला फारसा शिरकाव मिळत नाही. सांध्यातल्या द्रवात सोडियम लिटरला १५० मिलिमोलच्या आसपास, तर निरोगी कूर्चेत २५० ते ३५०. आयनांच्या या दाटीमागोमाग पाणी शिरतं आणि कूर्चा ताठ फुगलेली राहते. पाऊल टेकलं की थोडं पाणी पिळून निघतं, भार उतरला की परत येतं. फ्रेडरिक डोनन यांनी १९११ मध्ये मांडलेला समतोल तो हाच.

एमआरआयमध्येही हा नियम कामी आला. ऋण प्रभाराचं गॅडोलिनियम संयुग टोचलं, तर धडधाकट कूर्चा ते फारसं आत घेत नाही. ॲग्रिकन झिजलेल्या जागी मात्र ते घुसतं आणि झीज चित्रात उमटते.

आता गोळी. कॉन्ड्रॉइटिन तेच, हे कबूल. पण गुडघ्यात ते बांधलेलं असतं आणि सारी करामत त्या बांधलेपणाची. पोटात गेलेल्या साखळीचे बरेचसे तुकडेच होतात. नवे ब्रश घडवायचे ते कूर्चेतल्या पेशींनी. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही द्रव्यं, वेगवेगळी वा एकत्र, एकंदरीत बिनऔषधी गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाहीत. (जास्त दुखणाऱ्यांच्या एका छोट्या गटाला एकत्रित गोळीने बरं वाटलं, विकणाऱ्याला तेवढं पुरतं.) अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने गुडघ्यासाठी या गोळ्या ठामपणे नाकारल्या आणि तितक्याच ठामपणे व्यायाम सांगितला, वजन जास्त असेल तर ते उतरवायलाही.

बाटलीचे पैसे वाचवा आणि फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या.