झाकण उघडू द्या

लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी थकते ती बॅटरी. रोजच्या वापरात तीन-चार वर्षांत तिची क्षमता इतकी घटते, की चार्जर जवळ नसेल तर यंत्राचा भरवसा राहत नाही. मग बिजागरी सैल होते, चार्जिंगचा सॉकेट हलू लागतो, कीबोर्डच्या एक-दोन कळा रुसतात आणि सॉफ्टवेअर वर्षागणिक फुगत गेल्याने कधीकाळी पुरेशी वाटलेली ८ जीबी रॅम अपुरी पडते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मात्र या सगळ्या काळात बहुधा ठणठणीत असतात. लॅपटॉप ‘जुना झाला’ असे घरात बोलले जाते तेव्हा प्रत्यक्षात त्याचा एखादा स्वस्त भागच जुना झालेला असतो. तो भाग बदलता येणार की यंत्रच बदलावे लागणार, हे यंत्राचा आराखडा कागदावर असतानाच ठरून गेलेले असते. दुरुस्त करता येतील, वाढवता येतील असे लॅपटॉप मुद्दाम शोधून घेणारा ग्राहक वाढतो आहे तो या ठरवून टाकण्याला वैतागून.

ही अडचण फार जुनी नाही. २००५ च्या सुमाराचा जवळपास कोणताही लॅपटॉप उलटा केला तर एक खटका सरकवून बॅटरी हाती येई आणि एका छोट्या झाकणाखाली रॅमच्या पट्ट्या दिसत. २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर आणला. त्यात बॅटरी आत बंद झाली आणि रॅम बोर्डावरच सोल्डर झाली. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती. यंत्रे उघडून त्यांची दुरुस्तीयोग्यता तपासणाऱ्या ‘आयफिक्सइट’ या अमेरिकी संस्थेने त्याला १० पैकी १ गुण दिला. पुढे २०१७ चा मायक्रोसॉफ्टचा सरफेस लॅपटॉप आला, त्याला शून्य गुण मिळाले. वरचे कापडी आवरण फाडल्याशिवाय तो उघडतच नव्हता. एव्हाना बाकीच्या कंपन्यांनीही बारीक अंगाचा हाच कित्ता गिरवायला घेतला होता.

कंपन्यांच्या बाजूने एक खरे कारण आहे आणि ते मान्य करायला हवे. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर प्रकारची रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवावी लागते; सुट्या खाचेत ती नीट चालत नाही. आजच्या पातळ लॅपटॉपची बॅटरी दिवसभर पुरते, त्यात या सोल्डर केलेल्या रॅमचा वाटा आहे. पण हे कारण रॅमपुरते आहे. बॅटरी गोंदाने चिकटवण्याला किंवा कीबोर्ड प्लास्टिक वितळवून वरच्या पत्र्याला कायमचा जोडण्याला ते लागू पडत नाही. एका कळीसाठी अख्खा वरचा भाग बदलावा लागतो तो विजेच्या बचतीसाठी नव्हे. शिवाय रॅमचे कारणही आता उरेलच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जेडेक’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम-२ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातून कमी विजेची रॅमही स्क्रूने बसवता-काढता येते आणि लेनोवोच्या थिंकपॅड पी-१ मध्ये ती २०२४ मध्ये आलीसुद्धा.

खरी गोम किमतीत आहे. रॅम नंतर वाढवता येत नसेल तर ग्राहकाला ती खरेदीच्या दिवशीच, कंपनी म्हणेल त्या भावाने घ्यावी लागते. ॲपल अनेक वर्षे ८ जीबीवरून १६ जीबीवर जाण्याचे अमेरिकेत २०० डॉलर आणि भारतात २० हजार रुपये घेत असे. बाजारात सुटी ८ जीबी रॅम तेव्हा त्याच्या लहानशा अंशात मिळत होती. पुढे लागेल म्हणून आजच जास्त पैसे मोजा, किंवा आज वाचवा आणि तीन वर्षांनी नवे यंत्र घ्या, अशी ही कोंडी आहे.

या कोंडीला ठोस उत्तर दिले ते सॅन फ्रान्सिस्कोतील ‘फ्रेमवर्क’ या छोट्या कंपनीने. आभासी वास्तवाचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसमध्ये सुरुवातीच्या काळापासून काम केलेल्या निरव पटेल यांनी ती स्थापन केली आणि २०२१ मध्ये पहिला लॅपटॉप बाजारात आणला. तळाचे पाच स्क्रू सैल केले की तो उघडतो. स्क्रू पूर्ण निघून हरवत नाहीत आणि लागणारा स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच येतो. आत प्रत्येक भागावर क्यूआर कोड आहे. तो वाचला की भाग बदलण्याची कृती आणि विक्रीचे पान समोर येते. यूएसबी, एचडीएमआय, मेमरी कार्ड असे पोर्ट छोट्या ठोकळ्यांच्या रूपात सरकवून बसवायचे. कोणते चार हवे ते मालकाने ठरवायचे. रॅम, एसएसडी आणि विंडोज यांच्याशिवायही हे यंत्र मिळते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमधली चालू एसएसडी वाया जात नाही. कॅमेरा आणि मायक्रोफोन बंद करण्याचे खटके पडद्याच्या चौकटीतच आहेत.

असे आश्वासन देणारी यंत्रे पूर्वीही आली होती. पुढच्या पिढीचा भाग कधी आलाच नाही, म्हणून ती विस्मरणात गेली. फ्रेमवर्कची परीक्षा तिथेच होती. २०२१ च्या सांगाड्यात २०२२ आणि २०२३ चे इंटेलचे बोर्ड बसले, मग एएमडीचे, आणि २०२५ चा रायझन एआय-३०० मालिकेचा बोर्डही बसला. पहिल्या वर्षीचे पडद्यामागचे झाकण लवचीक असल्याची तक्रार होती. कंपनीने अधिक ताठ झाकण बनवले आणि जुन्या ग्राहकांना ते सुटे विकले. अधिक घट्ट बिजागरी, मोठी बॅटरी, जास्त स्पष्ट पडदा हेही असेच मागून आले. १६ इंची मॉडेलमध्ये तर ग्राफिक्स कार्डच मागच्या बाजूने काढता येते. २०२४ च्या यंत्राला २०२५ मध्ये एनव्हिडियाचे नवे कार्ड लावता आले. जुना बोर्डही फेकावा लागत नाही. सुट्या पेटीत बसवून तो घरचा छोटा संगणक म्हणून चालतो.

एक पाचर इथेही आहे. सुरुवातीच्या बोर्डांना डीडीआर-४ रॅम लागे, नंतरच्यांना डीडीआर-५. त्यामुळे बोर्डाबरोबर रॅमचाही खर्च येतो. किंमतही सुरुवातीला जास्तच पडते: त्याच ताकदीचा, चिकटवून बंद केलेला लॅपटॉप मोठ्या कंपन्या स्वस्तात देतात आणि बॅटरी टिकण्यात अनेकदा सरसही ठरतात. कंपनी छोटी आहे, ती उद्या टिकली नाही तर सुटे भाग कुठून येणार, ही शंकाही रास्त आहे. खुद्द फ्रेमवर्कने २०२५ मध्ये काढलेल्या डेस्कटॉपची रॅम सोल्डर केलेली होती, कारण त्यातल्या एएमडी चिपला सुटी रॅम मानवत नव्हती. त्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. एवढे असूनही लोक हे यंत्र घेतात. ते काही केवळ हौशी लिनक्सवाले नाहीत. पाच-सहा वर्षांचा हिशेब मांडणारे, पुढच्या खर्चाची वेळ स्वतः ठरवू पाहणारे लोक त्यांत आहेत. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हा जवळची पट्टी काढून नव्या यंत्रात घालता येण्याची किंमत कळली.

भारतात हाच विचार वेगळ्या वाटेने आधीपासून रुजलेला आहे. बड्या कंपन्यांनी भाडेपट्टीची मुदत संपल्यावर परत केलेले थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुक ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मोठ्या प्रमाणात विकले जातात. विद्यार्थी आणि छोटे व्यावसायिक तेच शोधतात, कारण त्या मालिकांतल्या अनेक मॉडेलांत रॅम आणि एसएसडी बदलता येते आणि बॅटरी चिकटवलेली नसून स्क्रूने बसवलेली असते. शिवाय या तिन्ही कंपन्या त्यांची सर्व्हिस मॅन्युअल सर्वांसाठी खुली ठेवतात. घरगुती ग्राहकाला चकचकीत बंद डबा विकणाऱ्या कंपन्याच कार्यालयांना उघडता येणारे यंत्र देतात, कारण तिथला खरेदी अधिकारी पाच वर्षांचा देखभाल खर्च विचारतो. घरगुती ग्राहक तो विचारत नाही आणि त्याला कुणी सांगतही नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस या बाजारांनी ही यंत्रे जगवली आहेत. इथले कारागीर ‘चिप लेव्हल’चे काम करतात: मृत बोर्डाची चिप काढून जिवंत बोर्डावर चढवतात. पण त्यांना बोर्डाचा अधिकृत नकाशा मिळत नाही, मूळ सुटा भाग बहुधा मिळत नाही, आणि ते ज्यावर काम करतात ते पुष्कळदा दुसऱ्या मेलेल्या यंत्राचे अवयव असतात. त्यांच्या कौशल्याचे कौतुक खूप होते. त्यांना कागदपत्रे आणि भाग द्यावेत, असे मात्र कुणाला वाटत नाही.

स्क्रूंइतकाच सॉफ्टवेअरचाही प्रश्न आहे. विंडोज १० ची नियमित मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आतून धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप एका तारखेला ‘जुने’ ठरले. काहींनी लिनक्स घातले. बाकीच्यांचे काय होते ते कचऱ्याचे आकडे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचेच संकलन व पुनर्चक्रण रीतसर झाल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच बाहेर पडतो, हे उत्पादकांचेच अहवाल सांगतात. तेव्हा वीज वाचवणारे नवे यंत्र घेण्यापेक्षा आहे ते दोन वर्षे जास्त चालवणे पर्यावरणाला अधिक सोसते.

ग्राहकाच्या निवडीला कायद्याची जोड मिळाली की कंपन्या हलतात. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी १० पैकी दुरुस्तीयोग्यतेचा गुण छापणे सक्तीचे केले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून, १०० डॉलर व त्यावरील घाऊक किमतीच्या उपकरणांसाठी भाग, साधने आणि माहिती सात वर्षे देणे बंधनकारक आहे. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. याच काळात सरफेस लॅपटॉपने शून्यावरून उडी मारली. २०२४ च्या मॉडेलला आयफिक्सइटने १० पैकी ८ गुण दिले. गोंदाशिवाय पातळ यंत्र बनतच नाही, हा युक्तिवाद तिथेच निकालात निघाला.

भारतालाही हा विषय नवा नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ वाहन कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण तत्त्व मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टल सुरू केले आणि २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी आणखी एक समिती बसवली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये विभागाला मिळाला. पोर्टलवर ग्राहक सेवा केंद्रांचे दूरध्वनी क्रमांक देऊन कंपन्या मोकळ्या होतात. त्याने बॅटरीचा गोंद सुटत नाही. निर्देशांक उत्पादकाच्या मर्जीवर न सोडता सक्तीचा करावा, त्यात लॅपटॉप नाव घेऊन समाविष्ट करावा, आणि खुले सर्व्हिस मॅन्युअल व पाच ते सात वर्षे सुटे भाग ही विक्रीची अट असावी. सरकारी शाळा आणि कार्यालयांसाठीच्या लॅपटॉप खरेदीच्या निविदांत ही अट घालायला तर नव्या कायद्याचीही गरज नाही. राज्य सरकारने ती पुढच्याच निविदेत घालावी.