कॉम्प्युटरचं घड्याळ रोज हाताने लावताय? आधी हे थांबवा



सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर सुरू केला, आणि तारीख भलतीच दिसतेय. मग आपण काय करतो? कोपऱ्यात क्लिक करतो, तारीख-वेळ हाताने लावतो आणि बिलिंगला बसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "चालतंय ना, मग कशाला खर्च?"

माझं मत स्पष्ट आहे. हे चालवून घेणं बंद करा. एक तर ज्या दिवशी तुम्ही विसराल किंवा काउंटरवर नवीन मुलगा असेल, त्या दिवशी चुकीच्या तारखेची बिलं जातील. दुसरं म्हणजे हाताने वेळ लावली की दोष कुठे आहे हे सांगणारी खूणच पुसली जाते.

आता तुम्ही म्हणाल, घड्याळाने एवढं काय बिघडतं? बघा. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला सलग क्रमांक लागतो आणि तारीखही लागते. क्रमांक पुढे चाललाय आणि तारीख मागे गेलीय, असं बिल तुमच्या सीएला कसं समजावणार? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घड्याळ मागे गेलं, तर बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणं बंधनकारक आहे. ती तारीख तरी खरी हवी ना? शिवाय घड्याळ फार चुकलं की बँकेची साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. कारण साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती तुमच्याच घड्याळावर तपासली जाते. आपण मात्र इंटरनेटवाल्याला फोन लावून भांडत बसतो.

म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: घड्याळ किती चुकलंय? ते लिहून ठेवा, मगच हात लावा.

तारीख कित्येक वर्षं मागे गेलीय? मग संशय मदरबोर्डवरच्या बॅटरीवर घ्या. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ नावाची, नाण्यासारखी, ३ व्होल्टची बॅटरी असते. मेन स्विच बंद असताना घड्याळ तीच चालवते. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख जाते आणि चालू ठेवला तर जात नाही, असं दिसलं तर बॅटरी संपलीच समजा. ही बॅटरी शंभर रुपयांच्या आत मिळते. त्यासाठी विंडोज फॉरमॅट करून घेऊ नका. फॉरमॅटने बॅटरी चार्ज होत नाही!

बरोबर तासा-अर्ध्या तासाच्या पटीत फरक आहे? मग टाइम झोन बघा. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. झोन दुसऱ्या देशाचा असेल, तर बाकी सगळं नीट चालूनही वेळ चुकीचीच दिसणार.

थोड्या मिनिटांचा फरक आहे आणि हळूहळू वाढतोय? मग इंटरनेटवरून वेळ जुळवण्याचं काम होत नाहीये. विंडोजमध्ये हे काम "विंडोज टाइम" नावाची सर्व्हिस करते. "सर्व्हिसेस" उघडून तिला शोधा. साध्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती बहुधा "मॅन्युअल"वर असते. म्हणून ती थांबलेली दिसली की लगेच बिघाड समजू नका. पण "डिसेबल्ड" असेल तर ती चालूच होणार नाही. तिला "ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट"वर ठेवा. डिलेड का? कारण बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर आधी सुरू होतो आणि वाय-फाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट नंतर जोडला जातो. इंटरनेटच नसताना सर्व्हिस वेळ विचारणार कोणाला?

नंतर सेटिंग्जमध्ये "डेट अँड टाइम"मध्ये जाऊन "सिंक नाऊ" दाबा. जुळलं तर उत्तम. इंटरनेट चालू असूनही जुळत नसेल, तर राउटर किंवा अँटिव्हायरसचा फायरवॉल यूडीपी पोर्ट १२३ अडवतोय का, हे टेक्निशियनला विचारा. वेळ त्याच वाटेने येते.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. साध्या विंडोजमध्ये फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल, तर ही सर्व्हिस मूळ सेटिंगप्रमाणे घड्याळ आपोआप दुरुस्त करत नाही. म्हणजे बॅटरी संपून तारीख पाच वर्षं मागे गेली, की सर्व्हिस ठणठणीत असूनही वेळ चुकीचीच राहते आणि आपण बिचाऱ्या सर्व्हिसला दोष देतो! क्रम लक्षात ठेवा: बॅटरी बदला, तारीख एकदा हाताने लावा, मग सिंक करा. हाताने लावायची ती एवढीच, एकदा.

वेळ कोणाकडून घ्यायची, हेही ठरवता येतं. विंडोज मुळात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून वेळ घेतं. भारताची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, राखते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशात कंपन्यांना आणि सेवा पुरवठादारांना एनपीएल किंवा एनआयसीच्या वेळेशी आपल्या यंत्रणा जुळवायला सांगितलंय. उद्या मोठ्या कंपनीचं काम घ्यायचं असेल, तर ही सवय आजपासून लागलेली बरी.

आणि कॉम्प्युटरवर थांबू नका. सीसीटीव्हीचं रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, बिल प्रिंटर, सगळ्यांची वेळ मोबाइलशी ताडून बघा. चोरी झाली आणि फुटेजवर वेगळीच तारीख असेल, तर पोलिसांना समजावताना तुमचीच दमछाक होईल.

धंद्यात रोज थोडं थोडं सावरून घेतलेली अडचण फुकट नसते. तिचं बिल उशिरा येतं, एवढंच. आज दुकान बंद करताना मेन स्विच बंद करा आणि उद्या सकाळी काहीही बदलण्याआधी घड्याळ किती चुकलंय ते वहीत लिहा. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.