काळा पडदा की पांढरा? निवड वाचणाऱ्याची हवी

वीजबिल भरणे असो, सातबारा पाहणे असो की बँकेतील शिल्लक तपासणे असो, आज मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्याकडे पाहिल्याशिवाय काम होत नाही. साहजिकच ‘डोळ्यांना काळा पडदा चांगला की पांढरा?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. डार्क मोड, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, सुरू केला की नंबर वाढत नाही, असेही काही जण छातीठोकपणे सांगतात. हा निव्वळ गैरसमज आहे.

मुळात काळा पडदा नवा नाही. जुन्या संगणकांवर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉशने कागदासारखा पांढरा पडदा लोकप्रिय केला. पुढे २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींत डार्क मोडची सोय आली आणि काळ्याची फॅशन परतली.

आता डोळ्यांचे पाहू. पडदा उजळ असला की डोळ्यातील बाहुली आकुंचन पावते आणि अक्षरे रेखीव दिसतात. पडदा काळा असला की बाहुली मोठी होते व नंबरचा दोष अधिक जाणवतो. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना काळ्यावरील पांढरी अक्षरे पसरल्यासारखी दिसतात. म्हणून निरोगी डोळ्यांना, भरपूर उजेडात आणि सलग वाचनासाठी पांढऱ्यावर काळी अक्षरेच सहसा सोपी जातात.

मात्र मोतीबिंदू असलेल्यांची गोष्ट वेगळी. गढूळ झालेल्या भिंगातून प्रकाश विखुरतो. पांढराशुभ्र पडदा समोर आला की त्यांचे डोळे दिपतात आणि अक्षरे त्या झगमगाटात हरवतात. अशांपैकी अनेकांना काळा पडदा सुसह्य वाटतो. रात्री दिवे मालवलेल्या खोलीत तर चांगल्या डोळ्यांनाही पांढरा पडदा खुपतो. थोडक्यात, एकाला जे सोयीचे तेच दुसऱ्याला त्रासाचे.

म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे, की प्रत्येक वेबसाइटवर आणि ॲपवर पडद्याचा रंग बदलण्याचे बटण असलेच पाहिजे. ही चैन नव्हे. पेन्शनचा अर्ज वाचता येत नाही म्हणून आजोबांना आपला पासवर्ड परक्याच्या हाती द्यावा लागत असेल, तर तो प्रश्न डोळ्यांपुरता उरत नाही, त्यांच्या पैशांचा आणि स्वाभिमानाचा होतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ पासून आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

हे बटण कसे असावे? ते वरच्या बाजूला, सहज दिसेल असे असावे. वापरणाऱ्याने फोनमध्ये आधीच काळा किंवा पांढरा रंग निवडला असेल, तर वेबसाइटने तोच उचलावा. एकदा केलेली निवड पुढच्या वेळी लक्षात ठेवावी. रंग पहिल्या पानापुरता न बदलता अर्जाचे रकाने, सूचना आणि चुकीचे इशारे यांनाही लागू व्हावा. काळ्यावर फिकट करडी अक्षरे देणे म्हणजे सोय नव्हे, शिक्षा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्या गावातील पतसंस्थेचे किंवा शाळेचे ॲप तयार करणाऱ्या तरुणांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे.

वाचकांनीही एक गोष्ट विसरू नये. बटण दाबून डोळ्यांचा आजार बरा होत नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. पडदा काळा असला तरी हे टळत नाही. त्यावर उपाय साधा आहे : दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहावे, पापण्या मिटाव्यात आणि खोलीत दिवा लावूनच वाचावे.

पांढरा पडदा अलीकडे सोसवत नाही, दिव्याभोवती वलये दिसतात किंवा अक्षरे पुसट वाटतात, अशी तक्रार असेल तर नुसता रंग बदलून स्वस्थ बसू नये. ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. काचबिंदू तर बहुधा गुपचूप येतो आणि त्याने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञांकडून डोळे नियमित तपासून घ्यावेत. पडद्याचा रंग आपल्या सोयीने निवडावा, तपासणी मात्र सोयीवर सोडू नये.