मांजर शिंकली

जमत आलेलं काम अचानक अडलं की आपण विचारतो, 'माशी कुठे शिंकली?' माझ्या बाबतीत माशी नव्हती. मांजर शिंकली. तीही सलग सात वेळा, आणि नेमकी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर बसून!

तिचं नाव कंदी. मुक्काम पोस्ट सातारा, पाठीचा रंग खरपूस पेढ्यासारखा, म्हणून कंदी. गावाबाहेर एक ताई स्वतःच्या घरामागे छोटंसं शेल्टर चालवतात. एका सकाळी त्यांच्या गेटपाशी कुणीतरी खोक्यात ठेवून गेलं होतं तिला. (पाळलेला प्राणी असा टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण खोक्यावर कुणी नाव-पत्ता थोडाच लिहितं?) मी गेले होते एका फीचरसाठी फोटो काढायला. बाईसाहेब आल्या, कॅमेऱ्याच्या बॅगेत बसल्या आणि घुर्रघुर्र सुरू. फीचर राहिलं बाजूला, मी तिच्यासाठी स्थळं बघायला लागले.

अडचण एकच होती. कंदीला सर्दी होती. डोळे पाणावलेले, नाक वाहणारं. शेल्टरमधल्या बाकी मांजरांना लागण नको म्हणून तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलेलं. म्हणजे बघा, सगळ्यात माणूसवेडी मांजर, आणि माणसं दिसायची दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी.

डॉक्टरांनी सगळा फंडा समजावून सांगितला. मांजरांच्या या सर्दीमागे बहुतेक वेळा दोन व्हायरस असतात, हर्पीस आणि कॅलिसी. नावं ऐकून दचकू नका, मांजरांचे हे व्हायरस माणसाला होत नाहीत. पण हर्पीस एकदा आला की शरीरात मुक्कामालाच राहतो. एरवी झोपलेला, मांजरीला टेन्शन आलं की जागा होणारा. जागा बदलली, गर्दी झाली, नवं मांजर आलं, की आठवडाभराने शिंका सुरू. आणि शेल्टर म्हणजे तर टेन्शनचं होलसेल मार्केट! म्हणजे सर्दी गेली तर घर मिळणार, आणि घर मिळालं तरच सर्दी हटणार. आता बोला.

मी काय केलं? जे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय तेच. बायोडेटा 'अ‍ॅडजस्ट' केला. एका बऱ्या दिवशी नाक पुसून, उन्हात बसवून फोटो काढला. 'सुस्वभावी, मनमिळाऊ, लहान मुलांत रमणारी.' सर्दीचा स आला नाही. एका तरुण जोडप्याने पसंत केली आणि चोवीस तासांत घेऊनही गेले. मी खूश!

पाचव्या दिवशी फोन आला. कंदी शिंकतेय, खात नाहीये, आणि त्यांच्या घरातलं आधीचं पिल्लू, ज्याची लस अजून व्हायची होती, तेही शिंकायला लागलंय. त्याच संध्याकाळी कंदी परत आली. पुन्हा मागच्या खोलीत. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी बाहेर आली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली.

मला त्या जोडप्याचा राग येईना. त्यांची काय चूक? मी सांगितलं असतं, तर त्यांनी पिल्लाची लस आधी उरकली असती, दोघांना दोन खोल्यांत ठेवलं असतं, किंवा सरळ नाही म्हणाले असते. पिल्लू सुदैवाने सावरलं. पण पुढच्या वेळी मी पोस्ट लिहायला बसले तेव्हा हात जरा जड झाला होता.

या वेळी फोटो वाहत्या नाकाचा. मजकूर असा: 'कंदी, वय अंदाजे दोन वर्षं. जरा शिंकते. अधूनमधून आयुष्यभर शिंकेल. घरात दुसरं मांजर नसेल तर उत्तम. मांडी लागते, शक्यतो रिकामी.'

मग काय, उत्तरांचा पाऊस. 'बरी झाली की कळवा.' 'सर्दी गेली की घेऊ.' 'पांढरं पर्शियन आहे का?' एकाने तर विचारलं, 'करोना नाही ना?' तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात सांगलीहून फोन आला. आवाज खणखणीत. गावभागातल्या एक निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, ''मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. सकाळी उठल्यावर मी स्वतः अकरा शिंका देते. तिला कंपनी होईल.''

मी म्हटलं, काकू, आधी माझे प्रश्न. त्यांनी आधी त्यांचेच विचारले. नसबंदी झालीय का? लस कुठली, दुसरा डोस कधी? जेवते काय? मी चाचरत विचारलं, तुमच्याकडे मांसाहार चालतो का? तर म्हणाल्या, ''मी शाकाहारी आहे. मांजर नसतं, एवढं विज्ञान मी तीस वर्षं शिकवलंय. दूध-पोळीवर ठेवणार नाही तिला.''

एकच प्रश्न मला विचारवत नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. काकूंचं घर नदीजवळ. त्याच म्हणाल्या, ''पुराचं विचारायचंय ना? तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी होतं. मांजर होतं आमचं. गडबडीत सापडलंच नाही. आता झाकणाची टोपली पलंगाखालीच असते. पाणी चाळीस फुटांवर गेलं की आम्ही वरच्या मजल्यावर, नाहीतर मिरजेला भावाकडे. टोपलीसकट.'' फोनवर थोडा वेळ दोघीही गप्प.

ठरलं! एका रविवारी मित्राची गाडी घेतली. कंदीच्या टोपलीवर जुनी ओढणी टाकली, म्हणजे तिला रस्ता दिसणार नाही. गाडी सुरू करणार, तेवढ्यात आतून आवाज आला, ''फिच्!'' ताईंच्या आई दारातूनच ओरडल्या, ''निघताना शिंक झाली, थांबा जरा, पाणी पिऊन निघा.'' आम्ही मुकाट्याने उतरून पाणी प्यायलो. कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीत पोचेपर्यंत आणखी वीसेक शिंका झाल्या. दर शिंकेला पाणी प्यायलो असतो तर कृष्णा आटली असती! आणि तसं पाहिलं तर सांगली म्हणजे १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा'च. पोरगी काही फार लांब दिली नाही.

काकूंनी एकच खोली तयार ठेवली होती. कोपऱ्यात मातीचं घमेलं, खिडकीत गोधडी, आणि टेबलावर दोनशे पानी वही. सहाव्या दिवशी अपेक्षेप्रमाणे फोन आला. मला धडकीच भरली. ''काल चौदा, आज नऊ,'' काकू म्हणाल्या. ''शिंका गं. वहीत मांडतेय. खाणं कोमट करून दिलं तर खाते. थंड दिलं तर माझ्याकडे बघत बसते.''

पाच आठवडे झाले. वहीत आता शून्याची पानं जास्त आहेत. परवा बोअरिंगवाले आले, मशीन घरघरली, आणि रात्री पुन्हा चार शिंका. काकूंनी त्या नोंदवल्या आणि वही मिटली. परत पाठवायचा विषय? निघालाच नाही. अगदी पहिल्या फोनपासून त्यांना माहीत होतं ना!

ताईंच्या मागच्या खोलीत सध्या एक बोका आहे. एक डोळा अधू, स्वभाव राजा. त्याचा फोटो मी कालच काढलाय. समोरून.

सर्दीवालं मांजर आणताय? मग हे वाचाच
• पहिले दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. घरातल्या आधीच्या मांजराची लस पूर्ण हवी. लसीने सर्दी शंभर टक्के टळत नाही, पण जोर कमी होतो.
• नाक बंद म्हणजे वास नाही, आणि वास नाही तर भूक नाही. खाणं कोमट करा. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थेट डॉक्टरकडे. मांजराचं यकृत उपास सोसत नाही.
• घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही. मांजरासाठी ते विष आहे. बाम आणि निलगिरीचं तेलही नको.
• अँटिबायोटिक मनाने देऊ नका, व्हायरसवर ते चालत नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ धरून मांजराला घेऊन दहा मिनिटं शांत बसा.
• सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पशुवैद्यक फक्त गाई-म्हशींसाठी असतात, हा गैरसमज आता सोडा!