सॅक घेण्याआधी पाठ मोजा

अंतर बारा मैल, म्हणजे १९ किलोमीटरहून थोडे जास्त. पाठीवर किमान ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो वजन. सोबत रायफल आणि हाताशी वेळ फक्त तीन तास. अमेरिकी पायदळातील ‘एक्स्पर्ट इन्फन्ट्रीमन बॅज’ मिळवू पाहणाऱ्या जवानाला ही चाल पूर्ण करावी लागते. नेदरलँड्समधील नायमेखन येथे दरवर्षी होणाऱ्या चार दिवसांच्या पदयात्रेत लष्करी तुकड्या रोज ४० किलोमीटर चालतात आणि पाठीवर किमान १० किलो असतात. पाठीवर वजन घेऊन ठरलेल्या वेगाने लांब चालण्याच्या या सरावाला ‘रकिंग’ म्हणतात. ‘रकसॅक’ हा शब्दच मुळात जर्मन, म्हणजे पाठीवरची पिशवी. बराकीतला हा सराव गेल्या काही वर्षांत नागरी व्यायामप्रकार झाला आहे आणि अमेरिकेत त्याला रायफल स्पर्धांचीही जोड मिळाली आहे.

या स्पर्धांचा साचा साधारण ठरलेला असतो. दोघांची जोडी तंबू, अन्न, पाणी, काडतुसे आणि रायफली असा सगळा संसार पाठीवर घेऊन निघते. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत कापायचे, पोहोचल्यावर दूरच्या लक्ष्यावर नेम धरायचा आणि पुन्हा ओझे उचलून पुढच्या ठिकाणाकडे निघायचे. फोर्ट बेनिंगच्या ‘बेस्ट रेंजर’ या लष्करी स्पर्धेतही जोडीने चालणे आणि गोळीबार हे दोन्ही येते. मराठी वाचकाला रायफल स्पर्धा म्हटले की कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आठवेल. पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. तिथेही कस नेमाचाच होता, पण नेमबाज रेंजवर ताजातवाना येतो. इथे तो घामाघूम होऊन येतो, आणि तो कसा आला हे बऱ्याच अंशी त्याच्या पाठीवरच्या सॅकने ठरवलेले असते.

बाजारात मात्र या सॅकची चर्चा भलत्याच गोष्टींभोवती फिरते. कापड किती जाड, किती लिटरची, बाहेरून किती पट्ट्या, रंग लष्करी आहे की नाही. दणकट दिसणारी सॅक म्हणजे चांगली सॅक असे गृहीत धरले जाते. शरीराला यातले काहीच कळत नाही. शरीराला कळते ते एवढेच की वजन कुठे टेकले आहे, ते पाठीच्या किती जवळ आहे आणि चालताना हलते का. या तीन प्रश्नांची उत्तरे सॅकच्या लेबलवर नसतात. ती घेणाऱ्याच्या अंगावरच मिळतात.

पहिला प्रश्न वजन टेकण्याचा. सगळे ओझे खांद्यांच्या पट्ट्यांवर लटकले की ते मानेच्या बाजूच्या स्नायूंवर आणि गळपट्टीच्या हाडामागून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब देते. तासन्‌तास दाब राहिला तर बोटांना मुंग्या येतात, हात बधिर होतो, दंडातला जोर जातो. क्वचित खांद्याचा फरा पाठीपासून पंखासारखा बाहेर येतो. लष्करी वैद्यकात याला ‘रकसॅक पाल्सी’ असे नावच आहे. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो, काहींचा रेंगाळतो. फ्रेम आणि रुंद कमरपट्टा असलेल्या सॅकमध्ये हा धोका कमी होतो, कारण ओझ्याचा काही भाग थेट कमरेच्या हाडांवर जातो. तरीही कमरपट्टा म्हणजे जादू नव्हे. फ्रेमच्या लष्करी सॅकवर अमेरिकी संशोधकांनी केलेल्या मोजणीत उभ्या भारापैकी सुमारे ३० टक्के भारच कमरेकडे गेला, बाकीचा पाठीच्या वरच्या भागाने आणि खांद्यांनीच पेलला. ‘सगळे वजन कमरेवर’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला हा आकडा ऐकवायला हवा.

कमरपट्टा कामाला यायचा तर तो योग्य जागी बसायला हवा, आणि ती जागा सॅकच्या लिटरवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरते. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका बोटाला ठळक लागतो. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवले की अंगठे मागे ज्या रेषेत येतात ती दुसरी खूण. या दोन खुणांमधले अंतर ही पाठीची लांबी. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि साडेपाच फुटी माणसाची लांब असू शकते, त्यामुळे उंचीवरून अंदाज बांधणे फसवे. सॅक पाठीपेक्षा लांब असेल तर पट्टा कमरेच्या हाडांखाली घसरतो. आखूड असेल तर तो पोटावर चढतो आणि सारे ओझे पुन्हा खांद्यांवर येते. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. अरुंद खांदे, तुलनेने आखूड पाठ आणि वेगळ्या आकाराची कंबर असताना ‘सर्वांसाठी एकच’ म्हणून विकली जाणारी सॅक बहुधा पुरुषाच्या मापाची असते.

दुसरा प्रश्न जवळिकीचा. वजन पाठीपासून जितके लांब, तितके ते माणसाला मागे खेचते. तोल सांभाळायला माणूस पुढे वाकतो आणि त्याची किंमत कंबर आणि मान मोजतात. म्हणून सर्वांत जड वस्तू पाठीला चिकटून भरायच्या, हलक्या बाहेरच्या बाजूला. सपाट रस्त्यावर जड सामान फऱ्यांच्या उंचीला असेल तर चालणे ताठ राहते. दगडधोंड्यांच्या उतारावर मात्र उंचावरचे वजन तोल घालवते, तिथे ते थोडे खाली, पाठीच्या मध्यावर आणावे. तिसरा प्रश्न हलण्याचा. सैल भरलेल्या मोठ्या सॅकमध्ये सामान प्रत्येक पावलाला डुलते आणि ते डुलणे थोपवण्यात स्नायू उगाच राबतात. बाजूच्या आवळपट्ट्या ओढून सॅक घट्ट करता आली पाहिजे. हा खिशापेक्षा कितीतरी महत्त्वाचा भाग आहे.

यातून निवडीचा एक सरळ नियम निघतो. रोज तासभर आठ-दहा किलो घेऊन चालायचे असेल तर २०-२५ लिटरची, साधी, पाठीला लागून बसणारी सॅक पुरते. तिच्यात वजनाची लोखंडी पट्टी वरच्या बाजूला घट्ट बसली की काम झाले. दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी हीच सॅक घेऊन निघणे म्हणजे संकटाला आमंत्रण. तिथे फ्रेम, जाड कमरपट्टा आणि खांद्यावरून सॅकचा वरचा भाग पुढे ओढून घेणारे पट्टे असलेली ५०-६० लिटरची सॅक लागते. उलट टोकही तितकेच चुकीचे आहे. मोठी सॅक रिकामी राहत नाही. ‘जागा आहे तर असू दे’ म्हणत माणूस ती भरतो आणि मग ते प्रत्येक चढावर वाहतो.

रायफलचे गणित वेगळे. ती लांब असते, जड असते आणि सॅकच्या एकाच बाजूला बांधली तर सगळा तोल तिकडे कलतो. तिच्याइतकेच पाणी किंवा काडतुसे दुसऱ्या बाजूला ठेवून तो साधावा लागतो. ३०८ विंचेस्टर जातीचे एक काडतूस साधारण २५ ग्रॅमचे, म्हणजे शंभर काडतुसांचे अडीच किलो झाले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रायफल सॅकच्या मध्यरेषेवर बांधली तर तोल सुधारतो, पण नळी डोक्याच्या वर गेली की फांद्यांत अडकते आणि ओझे पाठीपासून दूर जाते. बांधलेली रायफल रिकामीच असली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको. आणखी एक गोष्ट दुकानात सुचत नाही. लक्ष्यापाशी पोहोचल्यावर हीच सॅक पुष्कळदा रायफलचा टेकू होते. आडवी केल्यावर जी स्थिर राहते, वरून थोडी मऊ दबते आणि जिची फ्रेम नळीखाली येत नाही, ती सॅक नेमबाजाच्या दुप्पट कामाची.

हे सगळे इतक्या बारकाईने का पाहायचे, याचे उत्तर लक्ष्यावर मिळते. नेम एका अंशाच्या साठाव्या भागाने चुकला, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला जाते आणि पाचशे मीटरवर साडेचौदा. थकलेल्या हाताची थरथर, धापा टाकणारी छाती आणि जोरात धडधडणारे हृदय यांना एवढी चूक घडवायला फारसे कष्ट पडत नाहीत. जड ओझे घेऊन वेगाने चालून आल्यानंतर लगेच नेमबाजी घसरते, हे जवानांवर केलेल्या चाचण्यांत दिसले आहे. बायथलॉन या हिवाळी ऑलिम्पिक खेळात बर्फावर स्की करत आलेला खेळाडू ५० मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरतो. पडून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे, उभे राहून मारायचे ११५ मिलिमीटरचे. त्याच्या पाठीवर फक्त रायफल असते, निदान साडेतीन किलोची, तीही दोन्ही खांद्यांवर सारखी विभागलेली. एवढ्या हलक्या ओझ्यासाठी तिथे पट्ट्यांची इतकी काळजी घेतली जात असेल, तर वीस किलोंच्या ओझ्याला ती किती हवी?

तरीही सर्वांत मोठा निर्णय सॅकचा नाही, वजनाचाच असतो. वजन वाढते तशी शरीराची ऊर्जा खर्चत जाते, आणि वेग व चढ त्यात भर घालतात. अमेरिकी लष्करासाठी १९७७ साली मांडलेले पँडॉल्फ यांचे समीकरण हाच हिशेब करते. त्यात जमिनीलाही गुणांक आहे: डांबरी रस्त्याला १ धरला तर सैल वाळूला २.१. पायातल्या वजनाचा भुर्दंड याहून वेगळा. तेवढेच वजन पाठीऐवजी पायात असेल तर ऊर्जा चार ते सहा पट लागते. म्हणून शंभर ग्रॅम हलक्या सॅकसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने आधी बूट तराजूवर ठेवून पाहावेत. फॉकलंड युद्धात १९८२ साली ब्रिटिश मरीन कमांडोंनी सुमारे ३६ किलो वाहत तीन दिवसांत जवळपास ९० किलोमीटर कापले. ही कहाणी आजही रकिंगच्या वर्तुळात अभिमानाने सांगितली जाते. पण ती युद्धातली अपरिहार्यता होती. तिला शनिवारच्या व्यायामाचा आदर्श मानणे धोक्याचे आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. पायाच्या आणि नडगीच्या हाडांना पडणारी बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हे लष्करी प्रशिक्षणातील जुने दुखणे आहे आणि स्त्रियांमध्ये ते अधिक आढळते. एकाएकी वाढवलेले अंतर आणि वजन हे त्याचे नेहमीचे कारण. नव्याने सुरू करणाऱ्याने स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आतच राहावे, एका वेळी अंतर किंवा वजन यांपैकी एकच गोष्ट वाढवावी आणि ओझे घेऊन धावू नये. हाताला बधिरता आली तर ती सहनशक्तीची परीक्षा नव्हे, थांबण्याची सूचना आहे. हाडावर एकाच जागी बोटाने दाबले की दुखत असेल, तर मलम चोळत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठावा. मणक्याचा, हृदयाचा किंवा हाडे ठिसूळ होण्याचा त्रास असलेल्यांनी तर सॅक विकत घेण्याआधीच सल्ला घ्यावा.

रायफल स्पर्धेचा अर्धा भाग महाराष्ट्रात कुणाच्या वाट्याला येणार नाही, पण सॅकचा अर्धा भाग सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी घडतो. कळसूबाईच्या शिड्या चढताना किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने जाताना पाठीवरचे ओझे तेच नियम पाळते. फरक इतकाच की तिथे चुकीच्या सॅकचा निकाल लावणारे लक्ष्य समोर नसते. खांदा दुखतो, ‘ट्रेकला एवढे चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते आणि उतारावर गेलेल्या तोलाचे खापर निसरड्या दगडावर फुटते. रायफल स्पर्धेतला खेळाडू असे स्वतःला फसवू शकत नाही. त्याच्या सॅकची चूक कागदावर छिद्राच्या रूपाने दिसते.

म्हणून दोन साध्या अपेक्षा ठेवायला हरकत नाही. सॅक विकणाऱ्या दुकानांनी मोजपट्टी आणि वाळूच्या दोन-चार पिशव्या ठेवाव्यात. ग्राहकाची पाठ मोजावी, सॅकमध्ये दहा किलो भरावेत आणि त्याला वीस मिनिटे चालू द्यावे, जिना चढू-उतरू द्यावा. सगळे पट्टे सैल, मग आधी कमरपट्टा, नंतर खांदे, मग वरचे ओढपट्टे आणि शेवटी श्वास अडणार नाही इतपत छातीचा पट्टा, हा क्रम त्याला शिकवावा. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी निघण्यापूर्वी बुटांकडे पाहतात तसे सॅककडेही पाहावे आणि अनावश्यक सामान गाडीतच ठेवायला लावावे. यात खर्च जवळपास नाही. किती किलो उचलले यापेक्षा कुठल्या अवस्थेत पोहोचलो, हे विचारायची सवय मात्र लावून घ्यावी लागेल. पोहोचल्यावर ज्याचा हात स्थिर आहे, त्याची सॅक बरोबर होती.