कुंभार पिंपळगावच्या वाटेला पाहुणे येतील का?

दरवर्षी २७ सप्टेंबरला जागतिक पर्यटन दिन येतो. मराठवाड्यात त्या दिवसाची भाषणं अजिंठा-वेरूळपासून सुरू होतात आणि बहुतेक तिथेच संपतात. १९८३ पासून या लेण्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, जगभरातून लोक येतात. पण आलेला पाहुणा तिथूनच माघारी जातो. १९८१ मध्ये जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जालना त्याच्या वाटेवर येतच नाही. मग घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावाला कोण विचारणार?

हा प्रश्न हौसेचा नाही, पोटाचा आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुराने गोदाकाठची शेती धुऊन नेली. पाऊस कमी झाला तरी मार, जास्त झाला तरी मार. कालव्याच्या पाण्यावर ऊस आहे, पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचं काय? आपल्या समाजातली बरीच घरं याच गटात मोडतात. गॅरेज, ड्रायव्हिंग, छोटं दुकान, मजुरी. अशा घरांना दुसरं उत्पन्न कुठून मिळेल, हे बघायला हवं.

कुंभारगावाने काय केलं?

नावात साम्य असलेलं एक गाव पुणे जिल्ह्यात आहे. इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या काठावरचं कुंभारगाव. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पूर्वी फक्त मासेमारी करणाऱ्या होड्या आता पहाटे पाहुण्यांना पाण्यात नेतात. कोणता पक्षी कुठे बसतो हे मच्छीमाराला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पाहुणा गावातच जेवतो, म्हणून पैसा गावातच राहतो. कोकणात वेळासने कासवांच्या बाबतीत तेच केलं. पिल्लं समुद्रात सोडली जाताना बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात.

दोन्हीकडे मोठं रिसॉर्ट आधी आलं नाही. आधी पक्षी आणि कासव वाचले, मग पाहुणे आले. शाश्वत पर्यटन म्हणजे एवढंच. जे बघायला लोक येतात ते संपता कामा नये, आणि ते राखणाऱ्याच्या हातात चार पैसे पडले पाहिजेत.

आपल्याकडे काय आहे?

पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहित, पट्टकादंब आणि इतर स्थलांतरित पक्षी तिथे हिवाळा काढतात. त्याच धरणाचा डावा कालवा घनसावंगी तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव. पैठण एकनाथांचं. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात मांडणारे हेच नाथ. जालना शहरात सोळाव्या शतकातली जमशेद खानाची काळी मशीद आहे. त्यानेच मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी आणलं. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली.

पैठण, जांब, जालना, असई ही दोन दिवसांची सहज होणारी वाट आहे. या वाटेवर कुंभार पिंपळगावासारखं बाजाराचं गाव मुक्कामाला, जेवणाला आणि गाडीच्या दुरुस्तीला उपयोगी पडू शकतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतावरच पाहुण्यांची सोय करता येते.

अडचणी

पहिली अडचण राखण्याची. ऑगस्ट २०२२ मध्ये जांब समर्थच्या मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी त्या ऑक्टोबरमध्ये परत मिळवल्या, पण तोवर साऱ्या तालुक्याचा जीव टांगणीला होता. मंदिर असो, मशीद असो की दर्गा, गावच्या वारशाची नोंद, फोटो आणि पहारा नसेल तर तो कधीही जाऊ शकतो.

दुसरी, विकासाची घाई. नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प होऊ घातला आहे. त्याविरुद्ध कहार समाजाच्या संघटनेने दाद मागितली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. वीज हवीच. पण मच्छीमार आणि पक्षी दोघांचं पाणी कमी झालं, तर उद्या होडीत बसवून दाखवायचं काय?

तिसरी अडचण आपल्याला सगळ्यात जवळची, ती म्हणजे द्वेष. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत बंदोबस्त लागला, कबरीभोवती पत्रे उभे राहिले. राजकारण करणाऱ्यांचं काही गेलं नाही. अशा वेळी नुकसान होतं ते फूलवाल्याचं, रिक्षावाल्याचं, चहाच्या टपरीचं. त्यात दोन्ही समाजांची माणसं असतात. पाहुणा भीतीच्या गावाला येत नाही.

सुरुवात कुठून?

सगळं सरकारवर सोडून चालणार नाही. मशीद आणि दर्ग्यांच्या कमिट्यांनी जुन्या दगडी बांधकामाला ऑइलपेंट फासणं थांबवावं, शिलालेखांचे फोटो काढून ठेवावेत, वक्फच्या नोंदी तपासाव्यात. उर्दू-मराठी दोन्ही जाणणारी आपली मुलं-मुली उत्तम गाइड होऊ शकतात. काळ्या मशिदीची आणि जांबची गोष्ट एकाच पोराने सांगितली, तर ऐकणारा ती विसरणार नाही. ग्रामसभेत दोन्ही समाजांनी मिळून ठराव मांडावा की गावाची वारसा यादी करायची आणि पाणवठ्यांवर कचरा टाकायचा नाही. याला मोठा निधी लागत नाही.

कुंभारगावला हे जमलं, कारण मच्छीमाराला कळलं की उडून गेलेला पक्षी म्हणजे बुडालेली कमाई. आपल्याकडे पक्षी आहेत, नदी आहे, चारशे वर्षांची मशीद आहे, संतांची गावं आहेत. ते वाचवण्यात आपलाही फायदा आहे, एवढं एकदा कळलं की पुढची वाट सोपी होईल.