सूड नक्की कुणावर उगवला आपण?

परवा हापिसात लंचला नेहमीचा विषय निघाला. मे महिन्यात कुठे जायचं? टीममधला एक जण (चांगला मुलगा आहे, कोडही नीट लिहितो) डब्यातली भेंडी चिवडत म्हणाला, "काही म्हणा, ट्रिपा माराव्यात तर कोविडमध्येच! रस्ते रिकामे, हॉटेलं निम्म्या भावात, आणि मॅनेजरला पत्ताच नाही आपण कुठून लॉगिन केलंय ते. पुढची साथ आली ना, तर पहिल्याच दिवशी बुकिंग करणार बघ."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग जागेवर आलो आणि दुपारभर काही केल्या काम सुचेना. कारण २०२१ च्या उन्हाळ्यात मी पण हेच करायला निघालो होतो, आणि ती गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. आज शनिवार आहे, चहाचा दुसरा कप समोर आहे, तर सांगूनच टाकतो.

फेब्रुवारी २०२१. रुग्णसंख्या उतरली होती, लस आली होती, "संपलं एकदाचं" असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालेलं, त्यातलं एक वर्ष दहा बाय दहाच्या खोलीत, पलंगावर लॅपटॉप ठेवून गेलेलं. आम्ही चार मित्रांनी तारकर्लीला एक होमस्टे बुक केला. १ ते १५ मे. सकाळी समुद्र, दिवसा कॉल, संध्याकाळी सोलकढी. याला 'वर्केशन' म्हणायचं असतं हे मला तेव्हाच कळलं. होमस्टेवाल्या काकूंना १२,००० रुपये ॲडव्हान्स पाठवला. एक्सेल शीट केली, खर्चाची, मेनूची, गाडी कोण किती वेळ चालवणार याची. प्लॅन रद्द झाला तर काय करायचं, याची मात्र एकही ओळ त्या शीटमध्ये नव्हती. रोज हापिसात "रोलबॅक प्लॅन कुठाय?" म्हणून एकमेकांचा जीव खाणारे चार इंजिनियर आम्ही!

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली, २२ एप्रिलपासून आणखी कडक नियम आले. जिल्ह्याबाहेर जायचं तर अत्यावश्यक कारण हवं आणि ई-पास हवा.

आता खरी गंमत. (गंमत कसली, लाज म्हणा.) आमच्या ग्रुपवर ट्रिप रद्द करायची चर्चा झालीच नाही. चर्चा झाली ती ई-पासवर कारण काय टाकायचं याची. अंत्यविधी की आजारपण? अंत्यविधीला माणूस दोन आठवडे कसा थांबेल, म्हणून आजारपण ठरलं. कुणाचं? तर माझ्या आजीचं. माझी आजी २०१९ मध्येच गेली होती. तिचे हॉस्पिटलचे जुने कागद माझ्याकडे स्कॅन करून ठेवलेले होते आणि तारीख बदलणं काही कठीण नव्हतं. मी ती फाईल उघडून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मी बदललीही असती. अर्ज भरायच्या आधी सहज काकूंना फोन केला म्हणून थांबलो. त्या एवढंच म्हणाल्या, "या म्हणायची वेळ नाही ओ ही. वाडीत दोन जण गेले ह्या आठवड्यात."

आम्ही थांबलो. आणि लगेच दुसरा फोन केला, ॲडव्हान्स परत मागायला. पूर्ण.

त्यांनी तो दिला. पुतण्याच्या यूपीआयवरून, तीन तुकड्यांत. आधी ५,०००, मग ४,०००. शेवटचे ३,००० यायला उशीर झाला म्हणून मी दोनदा 'जंटल रिमाइंडर' टाकला. ते पैसे आले मे महिन्याच्या शेवटी. मध्ये १६ मेला तौक्ते चक्रीवादळ त्या किनाऱ्यावरून गेलं होतं. पुतण्याने पैशाच्या स्क्रीनशॉटबरोबर एक फोटोही पाठवला होता, आम्ही जिथे राहणार होतो त्या खोल्यांचा. कौलं उडालेली, माड आडवा पडलेला. मी त्याला उत्तर म्हणून अंगठा टाकला. एक अंगठा!

आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. २०२० च्या मे महिन्यात आईबाबांना हिमाचलला नेणार होतो, त्याची विमानाची तिकिटं लॉकडाऊनमध्ये बुडाली. विमान कंपन्यांनी रोख पैसे न देता 'क्रेडिट शेल' हातात ठेवलं, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच, नंतर कधीतरी प्रवास करा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १ ऑक्टोबर २०२० ला परताव्याचा आदेश झाला, आणि ज्या कंपन्या अडचणीत आहेत त्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल ठेवायची मुभाही मिळाली. मी त्या सगळ्या काळात एकही रिमाइंडर टाकला नाही. "मोठी कंपनी आहे, त्यांची पण अडचण असेल" असा समजूतदारपणा दाखवला. विमान कंपनीला सवलत आणि कौलारू घरातल्या काकूंना तगादा. हा माझा न्याय.

हे सगळं सांगितलं ते छाती बडवायला नव्हे. माझ्या त्या मित्रासारखे युक्तिवाद अजून ऐकू येतात, आणि ते किती पोकळ आहेत हे मला आतून ठाऊक आहे. मीच वापरलेत ना सगळे.

पहिला युक्तिवाद: "नियमात बसतं, मग तुला काय प्रॉब्लेम?" नियम साथीच्या मागून धावतात. गोव्याचंच घ्या. मे २०२१ च्या सुरुवातीला तिथे चाचणी केलेल्यांपैकी जवळपास निम्मे पॉझिटिव्ह निघत होते. बाहेरून येणाऱ्याला निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा झाला तो १० मेपासून, आणि तोही उच्च न्यायालयाने आदेश दिला म्हणून. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा, या चार तासांत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २६ कोविड रुग्ण गेले. पर्यटकांमुळेच हे झालं असं मी म्हणत नाही. तिथल्या ऑक्सिजन पुरवठ्याच्या गोंधळाची सुनावणी न्यायालयात झाली, आणि सरकारच्या चुका सरकारच्या. पण त्याआधी जो नियमात बसून गोव्यात सुट्टी घालवत होता, त्याने "नियमात होतो" एवढं म्हणून हात झटकू नयेत.

दुसरा युक्तिवाद: "माझा रिस्क मी घेतोय." हा आम्हा इंजिनियरांचा फार लाडका. वय पंचवीसच्या आत, बीपी नाही, शुगर नाही, म्हणजे धोका नगण्य. गणित बरोबर आहे, फक्त ज्याचं मांडायला हवं त्याचं मांडलेलं नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाचेक दिवस लागायचे, कधीकधी चौदापर्यंत. आपली ट्रिप असते चार दिवसांची. म्हणजे आपण हसत परत येतो, पाच तारे देतो, "काकूंच्या हातची सुरमई अप्रतिम" असं लिहितो, आणि काकूंना ताप येतो तो आपण गेल्यानंतर. आपल्याला कधी कळतही नाही. ज्या सिस्टिममध्ये चूक करणाऱ्यापर्यंत एररचा मेसेज पोचतच नाही, तिथे "मला तर काही झालं नाही" या वाक्याला काय अर्थ आहे?

आणि ताप आल्यावर त्या जाणार कुठे? २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास. एकट्या पुणे शहराची ३१ लाख. तिथली हॉस्पिटलं तिथल्या माणसांना पुरली तरी खूप, सुट्टीवर आलेल्यांसाठी कुणी व्हेंटिलेटर राखून ठेवत नाही. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले तेव्हा मुंबई तिसऱ्या स्तरात होती, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग चौथ्यात, म्हणजे जास्त कडक. मुंबई सावरत असताना कोकण अडकलेलं होतं.

तिसरा युक्तिवाद: "मेंटल हेल्थ!" यावर मी हसणार नाही. ते एक वर्ष खरंच वाईट होतं. मी रात्री दोन वाजता भिंतीशी बोललेलो आहे. पण थकवा आला तो कशाने? रोजच्या बारा तासांच्या कॉल्सनी आणि शनिवारच्या रिलीजनी. मग भांडण मॅनेजरशी करायचं होतं, सुट्टी मागायची होती. आम्ही सुट्टी मागितलीच नाही! लॅपटॉप घेऊन समुद्रावर जायची परवानगी मागितली. हापिसाशी भांडायची हिंमत नाही म्हणून आपला थकवा उचलून दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकायचा, याला मेंटल हेल्थ म्हणत नाहीत.

जुलै २०२१ मध्ये मनालीत आणि मसुरीजवळच्या केम्प्टी धबधब्यावर गर्दीचे जे फोटो आले, ते आठवतात? १३ जुलैला पंतप्रधानांनाही त्या गर्दीवर बोलावं लागलं होतं. त्याला तेव्हा नाव पडलं 'रिव्हेंज ट्रॅव्हल'. सूड! अहो, पण कुणावर? विषाणूला सूड कळत नाही. सूड उगवला गेला तो खोल्या झाडणाऱ्यांवर, चहा आणून देणाऱ्यांवर, घोडेवाल्यांवर.

याउलट ज्यांची तिथे घरं होती त्यांनी काय केलं, ते बघा. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून कोकणात गेलेले चाकरमानी गावाबाहेर शाळेच्या खोल्यांत चौदा चौदा दिवस बसले. गणपतीला १० दिवसांचं विलगीकरण होतं, त्यासाठी १२ ऑगस्टच्या आत पोचा असं सांगितलेलं. स्वतःचं घर, स्वतःचा गणपती, तरी उंबऱ्याबाहेर थांबणं. त्यात गावकऱ्यांचे चाकरमान्यांशी वादही झाले, कडवटपणा आला, ते सगळं खरं. पण घरच्या मुलाने दहा दिवस वेगळं राहायचं, आणि पुण्याचे चार पाहुणे लॅपटॉप घेऊन थेट माजघरात, हे आम्हाला त्या एक्सेलमध्ये कुठेच खटकलं नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात वजनदार युक्तिवाद: "त्यांचं पोट पर्यटनावर आहे. आपण गेलो नाही तर ते खाणार काय?" हा खरा प्रश्न आहे. तारकर्लीतल्या माणसाची कमाई दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे एवढीच. मे संपला की समुद्र बंद. २०२० चा मे गेला, २०२१ चाही गेला. उपाशी राहा आणि निरोगी राहा असं एसीत बसून सांगणारा मी कोण?

पण हा युक्तिवाद करणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारा: मग ॲडव्हान्स का परत मागितलास? पैशातून विषाणू पसरत नाही. आम्हा चौघांचा पगार त्या अख्ख्या वर्षात एक दिवसही थांबला नव्हता. माणशी ३,००० रुपये. "पैसे राहू द्या काकू, सगळं निवळलं की येऊ" एवढं म्हणायला काय जात होतं? त्यांच्या पोटाची काळजी आम्हाला होती, पण आमची मजा जोडून मिळत असेल तरच.

लशीच्या वेळीही हेच. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाला लस सुरू झाली. आम्ही स्क्रिप्ट लिहिली, स्लॉट उघडला की फोन वाजायचा. मी पुण्याहून साठ किलोमीटरवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पहिला डोस घेतला. बाहेर गावातली पोरं उभी होती, त्यांना स्लॉट मिळत नव्हता. ते ॲप उघडेपर्यंत आम्ही शहरातून सगळे उडवलेले असायचे. मग १२ मेला राज्यात या वयोगटाचं लसीकरण तुटवड्यामुळे थांबवलं. मी आनंदात सर्टिफिकेटचा फोटो ग्रुपवर टाकला होता. हुशारी म्हणायचो आम्ही त्याला.

तर मित्रा, पुढची साथ आली (येईल कधीतरी, तज्ज्ञ तेच सांगतात) तर पहिल्या दिवशी बुकिंग करू नकोस. केलेलं असेल तर पहिला फोन यजमानाला कर, आणि "चालू आहे का?" असं विचारू नकोस, कारण गरजू माणूस चालू आहे असंच म्हणणार. "आम्ही आलो नाही तरी ॲडव्हान्स तुमचाच, आता खरं सांगा, येऊ का?" असं विचार. उत्तर बदलतं की नाही बघ. तेवढी ऐपत नसेल तर कमी दिवसांची ट्रिप ठरव, पण रद्द करायचे पैसे आधीच बजेटमध्ये धर. आणि सुट्टी हवी असेल तर सुट्टी घे.

यंदा मेमध्ये आम्ही तारकर्लीला जातोय. चौघांपैकी तिघे. मी गेल्या आठवड्यात काकूंना फोन केला. नाव सांगितलं, त्यांना आठवलं नाही. (मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाहीये.) मी म्हटलं, ॲडव्हान्स पूर्ण पाठवतो, परत द्यायचा नाही. त्या म्हणाल्या, "नको ओ. आम्ही ॲडव्हान्स घेणंच सोडलं त्या कोविडच्या वर्षापासून. खर्च झालेले पैसे परत करायचे म्हणजे फार जड जातं. तुम्ही आलात की बघू."

असो. चहा गार झाला. सोमवारी लंचला तो विषय पुन्हा निघाला, तर या वेळी मी हसणार नाहीये.